कर्बीचं मलायन कॉलेज: एक दगड, एक पतंग आणि दोन भावंडं

लिव्हरपूलच्या ईशान्येला, शहर संपतं तिथे कर्बी आहे. इंग्रजी स्पेलिंगमध्ये मधे एक 'के' आहे, पण तो उच्चारायचा नसतो. या गावात १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं एक अध्यापक महाविद्यालय चाललं. त्यातले सगळे छात्राध्यापक मलायाहून, म्हणजे आजच्या द्वीपकल्पीय मलेशियातून आलेले होते. मलय होते, चिनी वंशाचे होते, भारतीय वंशाचे होते. बहुतेक विशीच्या आसपासचे. दोन वर्षांचा अभ्यासक्रम संपला की ते परत जायचे आणि तिकडच्या शाळांत रुजू व्हायचे.

मी या परिसरात शाळेत शिकवते आणि गेली काही वर्षं फावल्या वेळात इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या लहानपणीच्या आठवणी ध्वनिमुद्रित करते. हे काम कुणी सांगितलं म्हणून घेतलेलं नाही. कोकणात आमच्या घराशेजारी डी.एड. कॉलेज होतं. वर्षातून दोनदा तिथली मुलं-मुली आमच्या वर्गावर सराव पाठ घ्यायला यायची. हातात पाठटाचणाची वही, बगलेत गुंडाळलेले तक्ते, आणि मागच्या बाकावर गुण द्यायला बसलेले त्यांचे सर. पाठ चुकला की त्यांचे कान लाल व्हायचे, आणि आम्ही चौथीतली पोरं त्यांच्या बाजूने प्रार्थना करायचो. त्यामुळे कर्बीत पहिल्यांदा कुणी "आमच्या लहानपणी इथे परदेशातल्या शिक्षकांचं कॉलेज होतं" म्हणालं, तेव्हा मी खुर्ची पुढे ओढून बसले.

पुढे जे मांडते आहे ते एकाच घरातल्या दोन आठवणींचं प्रकरण आहे. बहीण थोरली, भाऊ दोन वर्षांनी धाकटा. दोघांनीही ऐंशी गाठत आणलेली. त्यांच्या संमतीने लिहिते आहे. नावं देत नाही, ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत.

जागा आणि काळ

दुसऱ्या महायुद्धात कर्बीत दारूगोळा भरण्याचा प्रचंड सरकारी कारखाना होता. ऐन भरात तिथे वीस हजारांहून जास्त लोक काम करत आणि त्यात बहुसंख्य बायका होत्या. या कामगारांसाठी वसतिगृह बांधलं होतं: एकमजली, लांबच लांब, बराकींसारख्या इमारती. युद्ध संपलं, कामगार पांगले, इमारती उरल्या. त्याच इमारतींत पुढे मलायन कॉलेज भरलं. १९५५ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनजवळ ब्रिन्सफर्ड लॉज इथे दुसरं मलायन कॉलेज निघालं, तेही असंच युद्धकाळातल्या कामगार वसतिगृहात.

मलायात १९४८ पासून आणीबाणी होती. जंगलात कम्युनिस्ट बंडखोर आणि ब्रिटिश फौजा यांची लढाई चालू होती, आणि दुसरीकडे शाळांत येणाऱ्या मुलांची संख्या इतकी वाढत होती की प्रशिक्षित शिक्षक पुरेनात. तिकडे नवी कॉलेजं बांधून होईपर्यंत थांबण्यापेक्षा रिकाम्या पडलेल्या इंग्लिश वसतिगृहात पोरांना आणून शिकवावं, असं सरकारने ठरवलं. एका वेळी सुमारे तीनशे विद्यार्थी असत. दहा वर्षांत दीड हजाराच्या आसपास शिक्षक इथून गेले.

मलेशियात या जागेला मोठा मान आहे. फेब्रुवारी १९५६ मध्ये लंडनमधल्या स्वातंत्र्याच्या वाटाघाटींच्या वेळी मलायाचे नेते, पुढे पहिले पंतप्रधान झालेले तुंकू अब्दुल रहमान या कॉलेजात आले होते, आणि ३१ ऑगस्ट १९५७ ही मलायाच्या स्वातंत्र्याची तारीख त्यांनी इथल्या विद्यार्थ्यांसमोर सांगितली होती. इथे शिकून गेलेले लोक स्वतःला अभिमानाने 'कर्बीआइट' म्हणवतात. खुद्द कर्बीत मात्र ही हकिगत माहीत असलेली माणसं मला फार थोडी भेटली. ज्यांना कॉलेज आठवतं त्यांना ते कुंपणाच्या बाहेरून आठवतं, आणि तेही तेव्हाच्या मुलांना.

एक गोष्ट नीट लक्षात घेतल्याशिवाय या आठवणींचा अर्थ लागत नाही. 'स्थानिक मुलं' म्हटलं की पिढ्यान्‌पिढ्या तिथे रुजलेल्या घरांतली मुलं डोळ्यांसमोर येतात. कर्बीत तसं नव्हतं. १९५१ मध्ये या गावात सुमारे तीन हजार माणसं होती. १९६१ मध्ये बावन्न हजार झाली. बाँबहल्ल्यात पडलेल्या, ओल धरलेल्या, एका नळावर चार बिऱ्हाडं काढणाऱ्या लिव्हरपूलच्या वस्त्यांतली कुटुंबं उचलून इथल्या नव्या घरांत आणली गेली. ते काम सुरू झालं तेही १९५२ च्याच सुमाराला. दुकानं, सिनेमा, बागा यांच्याआधी घरं उभी राहिली. रस्ते चिखलाचे होते. एक वेळ अशी आली की गावातली जवळजवळ निम्मी लोकसंख्या पंधरा वर्षांखालची होती.

म्हणजे पेनांगहून आलेला छात्राध्यापक आणि लिव्हरपूलच्या स्कॉटलंड रोडवरून आलेलं सात वर्षांचं पोर, दोघंही त्या चिखलात एकाच वेळी उतरले होते. दोघांनाही रस्ता माहीत नव्हता.

थोरली काय म्हणाली

तिला मी एकटीला भेटले, तिच्या घरी. ती अगदी सहज बोलली. १९५३ साली घर मिळालं. आईने पहिल्या दिवशी न्हाणीघराचा नळ सोडला आणि उभ्या उभ्या रडली. कॉलेजची मुलं रस्त्यात दिसायची. मोठे कोट, मफलर, त्यांत बुडालेली सडपातळ माणसं. थंडीत ती चालायची नाहीत, जवळजवळ पळायची. उन्हाळ्यात एखादा जण खोल्यांच्या मागच्या बाजूला सारोंग नेसून कपडे वाळत घालताना दिसला की पोरी खुसखुसायच्या. लुंगी नेसलेला पुरुष पाहून हसू येण्यासारखं काय असतं, हे मला कोकणातलीला समजावून सांगताना ती स्वतःच हसत होती.

वासाबद्दलही ती बोलली. रविवारी दुपारी कुंपणापाशी गेलं की "मासे जळल्यासारखा" वास यायचा आणि तरी भूक लागायची. मलाया-पेनांगकडे 'बलाचान' म्हणून जवळ्याची आंबवून, वाळवून केलेली वडी असते. ती भाजली की तसाच वास सुटतो. ज्याच्या घरी पावसाळ्यात तव्यावर सुकट परतली जाते त्याला वेगळं वर्णन करून सांगावं लागत नाही. कॉलेजची खाणावळ विद्यार्थ्यांना इंग्लिश जेवणच वाढत असणार. पण घरून आलेल्या पार्सलात अशी वडी असली तर ती कुठल्या तरी शेगडीवर भाजली जाणारच.

मग तिने पतंगाची गोष्ट सांगितली. वसंतातली दुपार होती. कुंपणाच्या आत एक विद्यार्थी काठ्या तासत बसला होता, बहुधा बागेत वेलींना आधार द्यायच्या काठ्या. ती बाहेरून पाहत राहिली. त्याने तिला आत बोलावलं नाही, ती गेलीही नाही. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी तो पतंग घेऊन मोकळ्या माळावर आला. पतंग माणसाएवढा रुंद होता. तो वर गेला आणि गुणगुणायला लागला. "आकाशात मधमाशी बसल्यासारखं," असं ती म्हणाली. थोड्या वेळाने त्याने दोर तिच्या हातात दिला. दोराची थरथर कोपरापर्यंत यायची, हे तिने हात पुढे करून दाखवलं.

मी विचारलं, तो दिसायला कसा होता? तिचं उत्तर मी त्याच वेळी लिहून घेतलं होतं: "चेहरा आठवतच नाही. हात आठवतात. अंगठ्याला चाकूचा छोटा काप होता."

तिच्यापाशी पतंगाचा फोटो नव्हता, मलेशियात ती कधी गेली नव्हती, तिकडच्या पतंगांबद्दल तिने काही वाचलेलंही नव्हतं. मलायाच्या ईशान्येला, केलांतानकडे, 'वाऊ' नावाचे मोठे पतंग करतात. त्यांच्या डोक्यावर धनुष्यासारखी कमान बांधून तिला पातळ पट्टी ताणलेली असते. वारा लागला की ती घुमते. शेतं कापून झाली की हे पतंग उडवतात. आपल्याकडे संक्रांतीला गच्चीवरून उडतो तो पतंग असा घुमत नाही, आणि लिव्हरपूलमधल्या मुलांच्या पतंगांना तर आवाजच नसायचा. दहाएक वर्षांच्या इंग्लिश मुलीला हा तपशील मनाने रचता येणं कठीण. म्हणून या आठवणीला मी भक्कम मानते.

धाकटा काय म्हणाला

त्याला मी तीन आठवड्यांनी भेटले. तो आधी बराच वेळ कारखान्याबद्दल आणि फुटबॉलबद्दल बोलला. ध्वनिमुद्रण बंद करायची वेळ झाली तेव्हा म्हणाला, बंद करू नका, एक राहिलंय.

बर्फ पडला होता. तीन-चार पोरं कॉलेजच्या वाटेवर दबा धरून बसली. विद्यार्थी आले की डोळ्यांच्या कडा ताणून वेडावायचं आणि बर्फाचे गोळे मारायचे, हा नेहमीचा खेळ होता. त्या दिवशी त्याने गोळ्यात दगड भरला. गोळा एका विद्यार्थ्याच्या तोंडावर बसला. विद्यार्थी खाली बसला, हातमोज्याने कपाळ दाबलं, मोजा लाल झाला. बाकीची पोरं पळाली. हा पळाला नाही, पाय हललेच नाहीत. विद्यार्थ्याने त्याच्याकडे पाहिलं, उठला, आणि काही न बोलता कॉलेजकडे चालू लागला. बर्फावर ठिपके पडत गेले.

"कुणालाच सांगितलं नाही. आईला नाही, बायकोला नाही. त्रेसष्टचा हिवाळा होता तो, मोठ्या बर्फाचा. अजून तसाच दिसतो."

अडचण इथेच होती. १९६२ च्या नाताळानंतर सुरू झालेला तो हिवाळा इंग्लंडमध्ये सगळ्यांच्या लक्षात आहे. महिनोन्‌महिने बर्फ वितळला नाही. पण त्याआधीच कॉलेज बंद झालेलं होतं. शिवाय तेव्हा हा सोळा वर्षांचा असणार, दबा धरून बसणारं पोर नव्हे.

अशी सरमिसळ मला नवी नव्हती. मोठ्या बर्फाच्या वर्षी आपल्या लहानपणीचा सगळा बर्फ जाऊन साठतो, जसा आमच्याकडे प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीतला प्रत्येक पूर 'त्याच' सालचा असतो. नावांचंही तसंच होतं. बरेच जण 'मलेशियन कॉलेज' म्हणतात, पण मलेशिया हा देश सप्टेंबर १९६३ मध्ये झाला. त्या कॉलेजात कुणीही कधी मलेशियन नव्हतं. त्याच इमारतींत नंतर इंग्लिश विद्यार्थ्यांचं अध्यापक महाविद्यालय भरलं, त्यामुळे साठीच्या दशकाच्या मध्याला लहान असलेल्यांच्या आठवणीत दोन्ही कॉलेजं एकमेकांत मिसळलेली असतात.

मी त्याला तारखांचं सांगितलं. माझा हेतू साधा होता: साल दुरुस्त करून घ्यावं. पण त्याचा चेहरा बदलला. तो हळूच म्हणाला, "म्हणजे मी ते केलंच नसेल का?"

सत्तर वर्षं उराशी धरलेल्या ओझ्याला मी नकळत एक फट दाखवली होती. त्या फटीतून तो बाहेर पडू शकत होता. मी थोडी घाबरले. मग त्याला विचारलं की त्या दिवशी पायांत काय होतं. तो लगेच म्हणाला, रबरी बूट, बहिणीचे, मोठे व्हायचे म्हणून पुढे चिंध्या कोंबलेल्या. ते बूट त्याला कोणत्या वर्षी मिळाले, कोणत्या बाईंच्या वर्गात असताना, हे त्याला नीट माहीत होतं. तो वर्ग १९५४-५५ चा निघाला. साल चुकलं होतं, दगड चुकलेला नव्हता. हे मी त्याला त्याच शब्दांत सांगितलं. त्याने मान हलवली, आणि माझी खात्री आहे की त्याला बरं वाटलं. त्याला सुटका नको होती. आपण सांगतो ते खरं धरलं जावं, एवढंच हवं होतं.

दोघं एकत्र

चूक माझ्याकडून पुढे झाली. दोघांना एकत्र बसवून बोलतं करावं असं मला वाटलं. भावाने बहिणीसमोर पहिल्यांदाच ती हकिगत सांगितली. खोली शांत झाली. थोड्या वेळाने थोरली म्हणाली, "पतंगवाल्याच्या भुवईवर पट्टी होती."

भाऊ रडायला लागला. बहिणीने त्याचा हात धरला. क्षणभर सगळं जुळलं: ज्याला दगड लागला त्यानेच, दोन महिन्यांनी, त्याच पोराच्या बहिणीच्या हातात दोर दिला. मलाही ते हवं होतं. इतकं हवं होतं की घरी जाताना बसमध्ये मी त्याचं पहिलं वाक्यही मनात लिहून टाकलं होतं.

रात्री पहिलं ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकलं. "चेहरा आठवतच नाही. हात आठवतात." पट्टीचा शब्दही नव्हता. अंगठ्यावरचा काप मात्र होता.

थोरली खोटं बोलली असं मी अजिबात म्हणत नाही. भावाच्या मनावरचं ओझं पाहिलं आणि तिच्या आठवणीने त्याच्यासाठी जागा केली, इतकंच. अंगठ्यावरची जखम भुवईवर गेली. दोन माणसांना एकत्र बसवून जुन्या गोष्टी विचारल्या की एकाचा तपशील दुसऱ्याच्या आठवणीत असा न कळत उतरतो. या कामात पडलेल्या प्रत्येकाला हे कधी ना कधी कळतं. म्हणूनच आधी वेगवेगळं बोलावं आणि ते जपून ठेवावं. ते मी केलं होतं, हेच या प्रकरणातलं माझं एकमेव शहाणपण.

आता ठरवायचं होतं. स्थानिक ग्रंथालयात आठवणींचं छोटं प्रदर्शन लागणार होतं आणि शाळेतली मुलं ते पाहायला येणार होती. माझ्यासमोर तीन वाटा होत्या. जुळलेली गोष्ट तशीच लावायची. ती सगळ्यांना आवडली असती. नाहीतर दगड गाळून फक्त पतंग लावायचा. काही जणांनी मला तसंच सुचवलं. मुलांसमोर, तेही ज्या वर्गांत आज केरळची, नायजेरियाची, पोलंडची मुलं बसतात त्यांच्यासमोर, हे कशाला? किंवा दोन्ही आठवणी लावायच्या, पण वेगवेगळ्या.

दगड गाळणं मला मान्यच नव्हतं. कॉलेजविषयी कर्बीत जे बोललं जातं ते बहुतेक गोड आहे: बॅडमिंटनची जादू (थॉमस कपच्या १९४९, १९५२ आणि १९५५ च्या पहिल्या तिन्ही स्पर्धा मलायाने जिंकल्या होत्या, त्यातली पहिली इथून फार लांब नसलेल्या प्रेस्टनला), नाचगाण्याचे कार्यक्रम, रंगीत खडूंनी फळ्यावर ताडाची झाडं काढून सराव पाठ घेणारे तरुण मास्तर. ते सगळं खरं आहे. पण मारणारी मुलंही त्याच रस्त्यावर होती, आणि त्यांच्यातलं एक आपणहून बोलायला आलं होतं. त्याला गप्प करायचा अधिकार मला नव्हता.

जुळलेली गोष्ट लावणं तर त्याहून वाईट झालं असतं. तिच्यात त्या विद्यार्थ्याकडून क्षमा वदवून घेतल्यासारखं होतं. वीस वर्षांचा पोरगा घरापासून हजारो मैलांवर, कपाळ फुटलेलं, उद्या पुन्हा त्याच वाटेने वर्गात जायचं. त्याने क्षमा केली का, रात्री घरी पत्र लिहिताना हे लिहिलं का लपवलं, हे आपल्याला ठाऊक नाही. त्याच्या वतीने आपण पतंग उडवून मोकळं होऊ नये, असं मला फार तीव्रतेने वाटलं.

थोरलीला हे सांगणं जड गेलं. मी तिच्या घरी गेले, दोन्ही ध्वनिमुद्रणं ऐकवली. ती दुखावली. "मी भावासाठी बोलले असं तुम्हाला वाटतं का?" असं तिने विचारलं. मी हो म्हटलं. ती खिडकीबाहेर पाहत बसली, मग चहा टाकायला उठली. दोन आठवडे फोन आला नाही. नंतर संमतीपत्रावर सही करून तिने पोस्टाने पाठवलं, सोबत एक ओळ: पट्टी काढा, अंगठा ठेवा.

प्रदर्शनात दोन वेगळे कागद लागले, दोन वेगळ्या भिंतींवर. एकावर तारीख 'बहुधा १९५४-५५ चा हिवाळा', दुसऱ्यावर '१९५४ ते १९५६ मधला एखादा वसंत'. दोन्हींमध्ये विद्यार्थ्याला नाव नाही. कॉलेजच्या जागी आता घरं आहेत, म्हणून नकाशावर कुंपणाची रेषा अंदाजाने न काढता रिकामी सोडली.

भावाची एकच अट होती. लावायच्या दिवशी तो लवकर आला, आपला कागद मी जिथे टाचला होता तिथून काढायला लावला आणि स्वतः वाकून हाताने उंची दाखवली. आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांसमोर येईल इतका खाली.